डबलसीट गाडी आणि नव्वदचा काटा

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्याचं वय सत्तावीस, लग्नाला आठ महिने झालेत, गाडी दोनशे सीसीची. पंधरा-वीस दिवसांतून एकदा कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्यानं सासुरवाडीला जाणं होतं. तो म्हणतो, "काका, मी नव्वद-पंच्याण्णवनं आरामात चालवतो, पाच वर्षांत एकदाही पडलो नाही. पण बायको मागं असली आणि काटा साठच्या वर गेला की ती शर्ट ओढते, ओरडते. तिची भीती कशी घालवायची?"

पोरा, भीती घालवायचं औषध माझ्याकडं नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. सूनबाई शर्ट ओढते ते बरोबर करते. का बरोबर करते ते तुला पटवायला जरा वेळ लागेल, म्हणून चहा घेऊनच बस.

मी एकतीस वर्षं दुचाकीचं गॅरेज चालवतोय. काम शिकलो उद्यमनगरात, आणि गेली दहा-बारा वर्षं रविवारी सकाळी मैदानावर पोरापोरींना गाडी शिकवतो. धडकून आलेली गाडी गॅरेजला लागली की आम्ही फिटर लोक बघूनच ओळखतो कशी पडली असेल. हँडल कुठल्या बाजूला वाकलंय, टाकीवर बेल्टच्या बक्कलचा ओरखडा आहे का, फोर्क आत गेलाय का. पण मागचा फूटरेस्ट वाकलेला दिसला की मी गाडीबद्दल काही विचारत नाही. आधी विचारतो, मागं कोण होतं आणि ते कसं आहे.

आता तुझ्या मुद्द्याकडं येतो. पाच वर्षांत तू एकदाही पडला नाहीस, हे मान्य. पण ती पाच वर्षं तू एकट्याची गाडी चालवलीस. डबलसीट गाडी वेगळी असते, आणि ती तू शिकलेलाच नाहीस. तीच टाकी, तोच नंबर, तीच चावी, म्हणून आपल्याला वाटतं गाडीही तीच. हिशेब करून बघ. गाडी दीडशे किलो, तू सत्तर, झाले दोनशे वीस. सूनबाई, तिचं हेल्मेट आणि माहेरी न्यायची पिशवी धरून साठ किलो वाढले की दोनशे ऐंशी. म्हणजे सव्वापटीच्याही वर. आणि हे साठ किलो गाडीच्या मध्यावर पडत नाहीत, पार मागच्या चाकावर आणि तेही उंचावर बसतात. तुझ्या गाडीची मागची सीट तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. दिसायला झकास, पण बसणारीच्या दृष्टीनं अडचणीचं स्टूल.

ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण तुझी सगळी भिस्त तिथंच दिसते. "डिस्क आहे, एबीएस आहे" असं लिहिलंयस. लोक म्हणतात वजन वाढलं की ब्रेक लागत नाही. हे अर्धंच खरं. वजन वाढलं की टायरही रस्त्यावर तितक्याच जोरानं दाबला जातो, त्यामुळं पकडही वाढते. कोरडं, चांगलं डांबर असेल आणि चालवणारा तयार गडी असेल, तर डबलसीट गाडी जवळपास एकट्याइतक्याच अंतरात थांबवता येते. गोम अशी आहे की त्यासाठी ब्रेक सव्वापट जोरानं दाबायला लागतो, आणि तुझ्या बोटांना ते माहीतच नाही. बोटांना पाच वर्षं एकट्याच्या गाडीची सवय. ऐनवेळी डोकं हिशेब करत नाही, बोटं सवयीनं दाबतात.

त्या सवयीची किंमत मीटरमध्ये सांगतो. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते. समोर काही आलेलं डोळ्यांना दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद धर, म्हणजे सतरा मीटर तसेच गेले. मग बऱ्यापैकी कडक ब्रेक मारला तर गाडी आणखी तेवीस मीटरवर उभी राहते. एकूण चाळीस. आता नव्वद घे. पहिल्या सेकंदातच पंचवीस मीटर गेले, ब्रेकचे बावन्न, झाले सत्त्याहत्तर. वेग दीडपट झाला तर ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. त्यात मागं माणूस आणि दाब मात्र जुन्या सवयीचा असेल, तर बावन्नचे सहासष्ट होतात आणि एकूण नव्वदच्या पुढं जातं. तुमच्या त्या रस्त्यावर नव्वद मीटर सरळ आणि मोकळा, मध्ये ना फाटा ना म्हैस, असा तुकडा कितीदा लागतो ते तूच मोज.

अजून एक हिशेब आहे, तो मी मैदानावर खडूनं रेघ मारून दाखवतो. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक साठनं, दुसरी ऐंशीनं. दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसला, दोघांनी सारखाच ब्रेक मारला. साठची गाडी जिथं थांबून उभी राहिली, त्या रेघेवरून ऐंशीची गाडी अजून साठच्या वेगानं पुढं जात असते. पोरांना आधी खरं वाटत नाही. मग कागदावर मांडून दाखवतो आणि ती गप्प होतात.

एबीएसबद्दल दोन शब्द. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला ते सक्तीचंच आहे, आणि चांगली गोष्ट आहे, मी स्वतः पुतण्याला एबीएसचीच घ्यायला लावली. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तुझा पहिला सेकंद ते परत आणून देत नाही. आणि बऱ्याच गाड्यांना ते पुढच्या चाकापुरतंच असतं. मागचा ब्रेक तू घाबरून पायानं दाबलास तर मागचं चाक अगदी पहिल्यासारखंच घसरतं.

आता खरी गोष्ट, जी कुठल्या मीटरमध्ये दिसत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, पण मागचं माणूस तू ब्रेक मारलास म्हणून थांबत नाही. ते आपल्याच वेगानं पुढं येतं आणि तुझ्या पाठीवर आदळतं. तुझ्या हातात हँडल असतं, गुडघ्यात टाकी असते, डोळ्यांपुढं रस्ता असतो. तिच्या हातात काय असतं? तुझा शर्ट.

हे मला १९९७ साली कळलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या चुकीनं नव्हे, माझ्याच. माझ्याकडं आरएक्स १०० होती. ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको. ९८ सीसीची, हलकी, टू-स्ट्रोक, कान पिळला की उठायची, आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. जानेवारीचे दिवस, दिवेलागणीची वेळ, कळ्याच्या अलीकडं. मागं आतेभाऊ, मांडीवर पिशवीत गुळाची ढेप. दोन्ही हातांनी ती ढेप धरलेली, म्हणजे त्यानं मला किंवा गाडीला कशालाच धरलं नव्हतं. मी सत्तर-पंच्याहत्तरनं असेन. पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रेडियम. अंधारात ऊस आणि आभाळ एकाच रंगाचं दिसतं. दिसली तेव्हा जवळ आली होती.

मी दोन्ही ब्रेक दाबले. पुढच्याच क्षणी आतेभाऊ ढेपेसकट माझ्या पाठीवर आला. माझे कोपरे ताठ झाले. कोपरे ताठ झाले की हँडल वळत नाही, नुसतं ढकललं जातं. मागचं चाक जाम होऊन आडवं गेलं आणि आम्ही साईडपट्टीच्या खडीत गेलो. माझे तळहात सोलले, एक दात हलला. त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, सात महिने घरात. इस्पितळात तो मला एवढंच म्हणाला, "मला ट्रॉली दिसलीच नाही रे. मला तुझी पाठ दिसत होती."

हे वाक्य तू नीट वाच. सूनबाई घाबरते, कारण तिला तुझी पाठ दिसते. पुढचा खड्डा तुला दोन सेकंद आधी कळतो, तुझं अंग तयार होतं, ढुंगण सीटवरून किंचित उचललं जातं, पोटऱ्या आवळल्या जातात. तिला तो खड्डा लागल्यावरच कळतो. तू ब्रेक मारणार, वळणार, ओव्हरटेक करणार, हे तुला आधी माहीत असतं. तिला काहीच माहीत नसतं. त्यातून मागच्या उंच सीटवर नव्वदचा वारा थेट छातीवर येतो आणि मागं ढकलतो. मग ब्रेक लागला की उलट पुढं फेक. कुठल्याही क्षणी मागं जाईन की पुढं, हे न कळता तासभर बसून राहायचं, याला भीती कसली म्हणायची, हा साधा अंदाज आहे. खोटं वाटत असेल तर मित्राच्या मागं बस, त्याला नव्वदनं न्यायला सांग, आणि तुझे हात कुठं जातात ते बघ.

तुझं चालवणं कसं आहे हे मोजायचं एक सोपं साधन तुझ्याकडं आहे. दोघांनी हेल्मेट घातलं असेल तर तिचं हेल्मेट तुझ्या हेल्मेटला मागून आपटतं. टक. गिअर टाकताना क्लच झटक्यानं सोडलास, टक. स्पीडब्रेकर उशिरा दिसला, टक. बसच्या मागं गेल्यावर ब्रेक आठवला, टक. मी शिकवताना हेच मोजायला लावतो. चांगल्या चालवणाऱ्याच्या मागं बसलं की दहा किलोमीटरमध्ये एक-दोनदा टक होतं, नाहीतर नाहीच. माझ्याकडं एक पोरगा आला होता, स्वतःला लई भारी समजायचा. मैदानाच्या चार फेऱ्यांत तेवीस टक झाले. आणि तो पन्नासच्या वर गेलाही नव्हता.

(आणि हो, "दोघांनी हेल्मेट घातलं असेल तर" असं मी मुद्दाम म्हणालो. कोल्हापुरात मागच्याचं हेल्मेट बहुधा कोपरात अडकवलेलं असतं, कोपराला डोकं असल्यासारखं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ते चालवणारा आणि मागं बसणारा दोघांनाही सारखंच लागू आहे. आयएसआयचा शिक्का आणि पट्टा आवळलेला हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं.)

गाडीचं काय होतं ते आता फिटर म्हणून सांगतो. मागं साठ किलो बसले की मागचा शॉकअप दबतो आणि गाडीचं नाक वर होतं. त्यातून तीन गोष्टी निघतात. पुढचं चाक हलकं होतं, हँडल लोण्यासारखं फिरायला लागतं. चढावर किंवा पुलाच्या जोडावर नव्वदला ते थरथरलेलं तुलाही जाणवलं असेल, तू म्हणाला असशील वारा आहे. दुसरं, वळणात गाडी कलली की फूटरेस्ट, स्टँड, सायलेन्सर जमिनीला लवकर टेकतात. एकट्यानं जे वळण साठनं सहज काढतोस, तिथं डबलसीटला लोखंड घासल्याचा आवाज येतो, माणूस दचकतो आणि वळणातच ब्रेक मारतो. तिथंच पडतो. तिसरं, हेडलाइट वर जातो. रात्री तुला झाडाचे शेंडे स्वच्छ दिसतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, पण रस्त्यावरचा बैल दिसत नाही.

याला उपाय दोन मिनिटांचा आहे. मागच्या शॉकअपला खाली खाचा असलेली रिंग असते, पाच-सात पायऱ्यांची. गाडीच्या टूलकिटमध्ये अर्धचंद्रासारखा वाकडा पाना असतो तो त्यासाठीच. दहातले नऊ गिऱ्हाईक विचारतात हा कशाचा. डबलसीट लांब जायचं असेल तर दोन पायऱ्या कडक कर, परत आल्यावर मऊ. आणि हवा. चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा आकडा लिहिलेला असतो. साधारण पुढं पंचवीस, मागं एकट्याला अठ्ठावीस, डबलसीटला बत्तीस ते छत्तीस, पण तुझ्या गाडीचा स्टिकर म्हणेल तेच खरं. पंपावरचा पोरगा "किती मारू?" विचारतो आणि आपण म्हणतो "मार की बरोबर." कमी हवेच्या टायरवर दोघं जण नव्वदनं गेले की टायरच्या बाजू आत-बाहेर होऊन तापतात, गाडी मागून पोहल्यासारखी हलते. टायर जुना असेल तर पुढचं बोलायलाच नको.

आता तुझा रस्ता. फुलेवाडी सोडलं, बालिंग्याचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा वाटतो आणि मनगट आपोआप फिरतं, मला माहीत आहे. तिथंच कुडित्र्याला साखर कारखाना आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या पट्ट्यात बैलगाड्या, एकाला दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि रस्त्यावर सांडलेला ऊस. दांडकं गोल असतं, चाक त्यावर गेलं की बेअरिंगवर गेल्यासारखं सरकतं. पाला ओला असेल तर केळीच्या सालीला मागं टाकतो. शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची माती डांबरावर पडते, सकाळी दव पडलं की तिचं लोणी होतं. एकटा असलास तर गाडी घसरतानाही सावरायला जागा असते, पाय टेकता येतो. मागं माणूस असलं की ते उलट्या बाजूला झुकतं, कारण अंग आपोआप पडण्याच्या विरुद्ध दिशेला जातं, आणि गाडी हातातून जाते.

दोन ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना जादा सव्वा सेकंद कुठून येतो ते बघ. एकट्यानं तीसवरून साठवर यायला तुझ्या गाडीला समजा पाच सेकंद लागतात. डबलसीटला सव्वासहा. तुझ्या डोक्यात मात्र पाचच बसलेले असतात. समोरून बस साठनं येतेय, तूही साठनं. दोघांमधलं अंतर सेकंदाला तेहतीस मीटरनं कमी होतं. म्हणजे तो सव्वा सेकंद तुला चाळीस मीटरला पडला. जितके लोक म्हणतात "बस एकदम अंगावर आली," त्यातले बरेचसे या सव्वा सेकंदात सापडलेले असतात. बस तिच्या वेगानंच येत होती.

साळवणच्या पुढं पाऊस सुरू झाला की प्रकरणच वेगळं. गगनबावडा म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं पावसाचं माहेर. ओल्या रस्त्यावर मी ब्रेकचं अंतर निदान दीडपट धरतो आणि पांढऱ्या पट्ट्यावर, पुलाच्या लोखंडी जोडावर ब्रेकला हातच लावत नाही. तिथून खाली करूळ घाटात उतरायची हौस असेल तर एक सांगतो. आपल्याकडं पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरायची वाईट खोड आहे. जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या उतारावरही बघतो. दोघांचं वजन, उतार, आणि इंजिनचा आधार काढून घेतलेला. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रमवाली गाडी असेल तर आतले ब्रेक-शू तापून ब्रेक विरघळल्यासारखा होतो, पाय दाबला जातो आणि गाडी जातेच. ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर मागचं माणूस पुढं घसरत येतं, त्याचं वजन तुझ्या मनगटांवर येतं, म्हणून तिला सांग की मागची दांडी धर, किंवा तुझ्या कमरेवरून हात पुढं घेऊन टाकीवर टेकव. शर्ट नको. शर्ट फाटतो.

साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणं आपल्याकडं चालतंच, मी त्यावर भाषण देणार नाही, माझ्या आईलाही मी तसंच नेलंय. पण मग वेग चाळीसच्या वर नको, बास. एका बाजूला बसलेल्या बाईला गुडघ्यानं धरायला काही नसतं, उजवीकडं गाडी कलली की ती उतरत्या बाजूला नसते आणि डावीकडं कलली की पाय जमिनीच्या दिशेनं. फूटरेस्ट, धरायची दांडी आणि मागचं अर्धं चाक झाकणारी जाळी, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीच्या आहेत. आणि पोरं काय करतात? गाडी शोरूममधून बाहेर आली की पहिलं साडीगार्ड काढतात, "लूक जातो" म्हणून. माझ्याकडं माळ्यावर पोतंभर पडलीत. तुझंही काढलेलं असेल तर ये, त्यातलं बसतंय का बघू, पैसे नकोत. ओढणी असेल तर ती समोर घेऊन गाठ मारायची, हे निघण्याआधी बघणं तुझं काम. चाकात गुंतली तर सेकंदात गळ्याला येते.

उद्या घरात लेकरू येईल तेव्हासाठीही सांगून ठेवतो. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल गाडीवर असेल तर त्याला पट्ट्यांचा हार्नेस, मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग जास्तीत जास्त चाळीस, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. दोघांच्या मध्ये मूल बसवून तिघं निघायचं, हे तर कायद्यातही बसत नाही आणि सीटवरही.

विम्याचं एक बहुतेकांना माहीत नसतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुझ्याच गाडीवर मागं बसलेलं माणूस तिच्यात धरलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली एका निकालात हे स्पष्ट केलंय. जुन्या गाड्यांवर लोक स्वस्तातली तेवढीच पॉलिसी चालू ठेवतात आणि वाटतं विमा आहे की. कागद काढून बघ. पॅकेज पॉलिसी आहे का आणि मागच्या माणसाचं त्यात काय लिहिलंय ते एजंटकडून लेखी घे.

मग वेग किती? मी माझं सांगतो. हायवेला, म्हणजे शिरोली ते कागल असा दुभाजकाचा रस्ता, कोरडा, दिवसा, डबलसीट साठ-पासष्ट. तुझ्या दुपदरी रस्त्यावर पन्नास-पंचावन्न. गावातून, ऊस चालू असताना, अंधार पडल्यावर चाळीस. घाटात वळणापलीकडचं जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल तेवढाच. तुला हे म्हाताऱ्याचे आकडे वाटतील. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर धर. सरासरी पन्नासनं सहासष्ट मिनिटं, साठनं पंचावन्न. नव्वदनं पळवूनही तुझी सरासरी नव्वद येत नाही, गावं, स्पीडब्रेकर, म्हशी धरून फार तर साठ. म्हणजे सगळा जीव टांगणीला लावून अकरा मिनिटं वाचतात, ती तू सासुरवाडीला पोचल्यावर मोबाईल बघण्यात घालवतोस.

आता करायचं काय ते. येत्या रविवारी सकाळी, रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हा, मोकळं मैदान किंवा बंद रस्ता बघ. सूनबाईला लगेच नको, आधी तुझ्याच वजनाचा एखादा मित्र घे. हेल्मेट दोघांना. तीसच्या वेगात जा, ठरलेल्या रेघेवर दोन्ही ब्रेक दाब. झटका नाही, लिंबू पिळतोस तसं, आधी हलकं आणि मग वाढवत. किती पावलांत थांबलास ते मोज. मग मित्राला उतरव आणि एकट्यानं तेच कर. दोन्हींत फरक किती पडतो ते तुझं तुला दिसेल. दहा-बारा वेळा केलं की बोटं डबलसीटचा दाब शिकतात. मग चाळीसनं. त्याच्या पुढं मैदानात जायची गरज नाही. डबलसीट असताना मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त कामाचा असतो, कारण वजन मागं आहे, तो पायही शिकून घे.

नंतर सूनबाईला बसव आणि दोघांनी आधी खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे बाजूला घेऊन थांब. थाप पडली की कारण विचारायचं नाही, हळू करायचं. वळणात तिनं तुझ्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढं बघायचं, म्हणजे अंग आपोआप गाडीबरोबर कलतं. ती गाडी पूर्ण थांबून तू दोन्ही पाय टेकवलेस आणि "बस" म्हणालास की बसणार, आणि तसंच उतरणार. स्पीडब्रेकर दिसला की तू डाव्या हाताचं बोट खाली दाखव, नाहीतर तोंडानं सांग. एवढं केलंस तर तिला तुझ्या पाठीपलीकडचा रस्ता थोडाफार कळायला लागतो आणि शर्ट ओढायचं कारण उरत नाही.

पुढच्या खेपेला रंकाळ्यापासून कळ्यापर्यंत हेल्मेटचे टक मोज. तू मोजू नकोस, तुला कमी आठवतील. तिला मोजायला सांग, आणि कळ्याला चहाला थांबलात की आकडा विचार. दहाच्या वर आला तर परतताना गाडी माझ्याकडं आण, शॉकअप आणि क्लचची केबल बघतो. ते दोन्ही ठीक निघालं तर मैदानात परत भेटू.